बेहड्याच्या फाट्यावरची डहाळी

परतवाड्याहून सकाळची मोटर आली की आमच्या अमरावतीच्या दुकानासमोर भाजीच्या टोपल्या उतरतात. मळ्यातून माल भरून पाठवायचं काम माझ्या नणंदेचं, गिरजाबाईंचं. टोपलीवर केळीचं पान, पानावर ओलं फडकं आणि वरून केळीच्या सोपटाची अशी काही गाठ, की ती सोडवताना माझी नखं तुटायची आणि मी रोज त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. श्रावणातल्या त्या सकाळी टोपल्या सैल बांधून आल्या. हात लावताच गाठ सुटली. मी मोटरच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. एरवी बोलका माणूस, पण तो खाली पाहत उभा होता... "काकू, तुमाले सांगाले सांगतलं हाय. गिरजाबाई पहाटं गेल्या." आदल्या संध्याकाळी तोडलेली भाजी मयतासाठी थांबत नाही, म्हणून दुसऱ्या कुणी तरी ती बांधून मोटरवर चढवली होती. आमचे हे मागच्या बाजूला वांगी निवडत बसले होते. त्यांनी ऐकलं, उठले आणि काठी न घेताच चालू लागले. दुकानाच्या फळीला धरलं म्हणून पडले नाहीत. गिरजाबाईंचा धाकटा भाऊ म्हणजे आमचे हे, आणि यांचा डावा पाय कित्येक वर्षांपासून अधू आहे. त्या पायाची हकीकत सांगितल्याशिवाय गिरजाबाईंबद्दल मला काहीच सांगता यायचं नाही.

गिरजाबाई काही पुढारी नव्हत्या. स्वातंत्र्याच्या लढाईत पुष्कळजण तुरुंगात गेले, त्या तिथंही गेल्या नव्हत्या. त्यांच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचं म्हटल्यावर आमच्याच भावकीतल्या एकानं विचारलं, "तिच्यावर काय लिहिणार तू? तिनं केलं काय?" त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. सापन नदीच्या काठी आम्हा माळ्यांचे मळे आहेत, तिथं त्या जन्मल्या. लग्न होऊन अचलपूरला गेल्या आणि फार दिवस झाले नाहीत तोच कुंकू पुसून माहेरी परत आल्या. आमच्यात विधवेचा पाट लावतात. मागण्याही आल्या होत्या. "एका घरातून निघाली, आता दुसऱ्या घरात कोण शिरते बाप्पा!" म्हणून त्यांनी सगळ्या मागण्यांना वाटेला लावलं आणि आईमागं धाकट्या भावाला वाढवलं. उंच, हाडापेरानं दणकट बाई. आवाज असा, की त्यांनी हाक मारली की मोटेचे बैल धावेवर थबकायचे. लग्न होऊन मी मळ्यात आले तेव्हा त्या आवाजाला मी भ्यायचे आणि तो आपल्याच नावानं निघाला की उगाच हातातलं भांडं खाली ठेवायचे.

त्या काळी चिखलदऱ्यावर मोटर सर्रास जात नव्हती. बैलगाडीचा रस्ता होता, तो वळसे घेत घेत जायचा. आमच्या मळ्यांतल्या बाया मात्र सरळ डोंगर चढून जात. वर साहेबलोकांचे बंगले, त्यांचे खानसामे, वनखात्याची माणसं, आणि आठवड्याचा बाजार. त्या पायवाटेला आम्ही भाजीवाट म्हणायचो. पावसाळ्यात ती बंद असे आणि पोळा झाला की उघडायची. उजाडायच्या आत निघायचं, डोक्यावर टोपली, कमरेला भाकरी, आणि एकीमागं एक अशी बायांची ओळ. या ओळीत गिरजाबाई सदा शेवटी. पुढं जा म्हटलं तर म्हणायच्या, "पुढं चालनाऱ्याले वाट दिसते, मांगं चालनाऱ्याले माणसं दिसतात. मले वाट पाहून पाहून कटाळा आला." मी नवी होते, टोपली डोक्यावर ठरायची नाही. एकदा चढावर सगळे टमाटे घरंगळले, तर मागून आवाज आला, "सरू, टमाटे खाली पोचले, तू कवा पोचतं?" सगळा डोंगर हसला. पण त्याच बाईनं माघारी जाऊन ते टमाटे वेचले, फुटलेले स्वतःच्या टोपलीत घातले आणि चांगले माझ्या.

आता त्या वाटेवरचा फाटा सांगते. उतरताना अर्ध्यावर बेहड्याचं एक जुनं झाड लागतं. तिथं वाट फुटते. उजवीकडची अरुंद, झुडपात शिरणारी, ती खाली आमच्या मळ्यांकडे येते. डावीकडची रुंद, म्हशींच्या खुरांनी मळलेली, ती कड्याच्या काठानं गवळीवाड्याला जाते. नवखा माणूस हमखास डावीकडे वळेल. पावसानंतर त्या वाटेचा काठ ढासळतो. कुठं काठ सोडून वरच्या अंगानं जायचं हे गवळ्यांना ठाऊक असतं, इतरांना नाही. म्हणून धुकं असलं की ओळीतली पहिली बाई झाडाची पानांसकट डहाळी तोडून डाव्या वाटेवर आडवी टाकायची. मागच्या बाया ती डहाळी पाहून उजवीकडे वळायच्या. आणि सगळ्यांत शेवटची बाई ती उचलून बाजूला फेकायची, कारण वाट दुसऱ्याची. ती तशीच राहिली तर संध्याकाळी म्हशी घेऊन घरी निघालेला गवळी समजणार की पुढं दरड कोसळली आहे किंवा जनावर आहे, आणि बिचारा सगळ्या डोंगराला वळसा घालणार. डहाळी आडवी आहे तोवर मागं कोणी तरी यायचं आहे, आणि उचलली की मागं कोणी नाही, असा तो रिवाज. गवळीही तो पाळत. आडवी डहाळी दिसली आणि बाया उतरताना दिसल्या तर थांबून विचारायचे, हात लावायचे नाहीत. ती उचलायचा मान आणि जबाबदारी शेवटच्या बाईची, म्हणजे आमच्या गिरजाबाईंची.

तो भादव्यातला बाजाराचा दिवस. मला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि मी येऊ नये असं गिरजाबाईंचं म्हणणं होतं. पण एक बाई तापानं पडली, माल तोडलेला होता, आणि मी हट्टाला पेटले. हे आदल्या दिवशीच कोहळे आणि केळीचे घड घेऊन गाडीरस्त्यानं वर गेले होते, आणि गाडीनंच परतणार होते. बाजार लवकर उरकला. उतरायला लागलो तशी खालून धुवारी चढत आली आणि पुढच्या बाईची पाठ दिसेना. त्याच आठवड्यात रानात अस्वलानं एका मोळीवाल्याला फाडलं होतं, त्यामुळं बाया बोलत नव्हत्या, नुसत्या भरभर पाय उचलत होत्या. मला हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. फाट्यावर आलो तर डाव्या वाटेवर सागाची मोठी डहाळी आडवी होती. माझ्यामागं फक्त गिरजाबाई. मी तिथल्या दगडावर बसकण मारली. त्या डहाळी उचलायला वाकल्या, आणि वाकलेल्याच थोड्या थांबल्या, मागं पाहत. मला वाटलं, त्यांची कंबर धरली. मग त्यांनी डहाळी उचलून फेकली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "चाल. बसू नोको अठी." त्यांची बोटं दंडात रुतली होती.

पायथ्याशी ओढा आहे आणि शेंदूर लावलेला एक दगडाचा देव आहे. तिथं टोपल्या उतरवून बाया पाणी पितात. आम्ही पीत होतो तोच डाकेचा हरकारा घुंगराची काठी वाजवत त्याच वाटेनं उतरला. रोजचा ओळखीचा माणूस. त्यानं आमच्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "कावो गिरजाबाई, नामदेव कुठी गेला?"

"नामा? तो गाडीवर येते."

"नाई वो. बैलाचा पाय मुरगळला. गाडी वरतीच सोडली त्यानं. बायांले गाठतो म्हणे, भाजीवाटेनं. माह्या आंधी निघाला."

"वाटेत नाई दिसला?"

"वाटेत कोणीच नाई दिसलं."

गिरजाबाईंच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्यांच्या पायावर सांडत राहिलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जे मला समजायला काही क्षण लागले ते त्यांना ऐकताक्षणीच समजलं होतं. यांना भाजीवाटेची सवय नव्हती, हे गाडीचे माणूस. पण डहाळीचा रिवाज लहानपणापासून ठाऊक. फाट्यावर आले असतील, डहाळी शोधली असेल, कुठंच नाही म्हटल्यावर जी वाट मळलेली दिसली ती धरली असेल. गिरजाबाईंनी तांब्या ठेवला आणि चढायला लागल्या. मी मागं निघाले. "तू अठीच राय," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "मी नाई राहत," मी म्हणाले. भांडायला त्यांना वेळ नव्हता. हरकाऱ्याला डाक पोचवायची होती, तो मळ्यांत निरोप सांगतो म्हणाला. पण मळ्यातून माणसं वर यायला दिवस मावळला असता.

एरवी ज्या चढाला मी सतरा वेळा टेकायचे, तो त्या दिवशी कसा चढले ते आठवत नाही. फाट्यावर ती डहाळी बाजूला पडलेली होती, पानं अजून कोमेजलीही नव्हती. आणि डाव्या वाटेच्या चिखलात खिळ्यांच्या वहाणांचे ठसे. पोळ्याला नव्या घेतलेल्या यांच्या वहाणा. गिरजाबाईंनी वाकून त्या ठशावर हात ठेवला, मग उभ्या राहून आवाज टाकला, "नामाऽऽ". धुक्यात तो कुठं गेला कळलं नाही. आम्ही पुढं गेलो. पुन्हा हाक. काही नाही. जरा पुढं गेलो आणि गिरजाबाईंनी हात आडवा करून मला अडवलं. समोर वाट नव्हती. काठाची माती ताजी तुटलेली होती, लाल, ओली, आणि तिच्यातून एक मूळ लोंबत होतं. त्या पोटावर झोपल्या, डोकं काठाबाहेर काढलं आणि या वेळी अगदी हळू बोलल्या, जसं झोपलेल्या लेकराला उठवतात... "नामा?"

खालून आलं, "बाई."

तुटक्या मातीखाली करवंदीची एक जाळी कड्याला धरून होती आणि हे त्या जाळीत अडकले होते. एक पाय अंगाखाली दुमडलेला. जाळीच्या बुडातून माती गळत होती, तिचा बारीक आवाज येत होता, आणि तिच्याखाली नुसतं धुकं. गिरजाबाईंनी अंगावरच्या लुगड्याचा काठ दातानं तोडून ते अर्ध्यात फाडलं. अर्धं कमरेला राहिलं, अर्ध्याचं एक टोक काठावरच्या सागाला बांधलं, दुसरं खाली सोडलं. ती गाठ त्यांनी ओढून पाहिली. "कमरेले बांध. हालू नोको. मी म्हणन तवा फक्त ओ दे." मग मला म्हणाल्या, "सरू, गवळीवाड्यावर जाय. दावी घेऊन माणसं आण. काठानं जाऊ नोको, वरून जाय, शेण पडलं असन तिकून तिकून. अन् पोटाले जप."

मी रानात शिरले. दिसत काहीच नव्हतं, शेण पाहत आणि झाडांना धरत चालले होते. मागून गिरजाबाईंचा आवाज यायचा, "नामा, ओ दे!" आणि मग यांचा, "ओ". पुन्हा "नामा, ओ दे!" आणि "ओ". त्या दोन आवाजांवर माझे पाय चालले होते. थोडं दूर गेल्यावर यांचा ओ बारीक झाला, आणि मग ऐकूच येईना. दूर गेले म्हणून ऐकू येत नाही की त्यांनी ओ दिलाच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. बाईंची हाक तेवढी येत होती. मी मनाशी धरलं, जोवर हाक त्याच सुरात येते तोवर खालून ओ येतो आहे. बाजूला झाडीत काही तरी खसखसलं, अस्वल असेल, असो, मी थांबले नाही. "नामा, ओ दे!" मी चालत होते. "नामा, ओ दे!"... आणि हाक थांबली. मी उभी राहिले. कान दुखेपर्यंत ऐकलं. काही नाही. परत फिरावं असं इतकं वाटलं की एक पाय वळलाही. पण परत जाऊन मी काय करणार होते? दोरी नाही, ताकद नाही, पोटात लेकरू. मी मोठ्यानं रडत पुढं गेले. कुत्रं भुंकलं, म्हशीचा वास आला, आणि एका झोपडीतून कुणी तरी विचारलं, "कोण हाय वो?"

गवळ्यांनी मला प्रश्न विचारले नाहीत. म्हशींची दावी सोडली आणि धावले. त्यांत सुखा नावाचा एक गडी होता, नुकतंच लग्न झालेला, तो सगळ्यांत पुढं. आम्ही पोचलो तेव्हा गिरजाबाई तशाच पोटावर झोपलेल्या होत्या. लुगड्याचं टोक सागाला होतंच, पण मधला भाग त्यांनी दोन्ही मनगटांना गुंडाळून घेतला होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हाका मारून मारून गळा बसला होता. खालून हे लुगड्याला हिसका देत होते. आवाज गेल्यावर बहीणभावांनी ती सोय केली होती. एवढी साधी गोष्ट, आणि मी रानात यांना मेलेलं धरून रडले होते... सुखा कमरेला दावं बांधून खाली उतरला आणि यांना घेऊन वर आला. मांडीचं हाड मोडलं होतं. हाडवैद्यानं बसवलं, पण ते वाकडंच बसलं.

घरी आल्यावर, यांना बाजेवर निजवल्यावर, मी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तुमी डहाळी काहून उचलली?" लोक म्हणतात, तेव्हा विचारायला नको होतं. मी म्हणते, का नाही? माझा नवरा कड्यावरून लोंबकळत होता. गिरजाबाई बसलेल्या गळ्यानं म्हणाल्या, "मांगं कोणी नव्हतं मून." आणि परसात निघून गेल्या.

त्याच आठवड्यात यांनी मला एकटीला एक गोष्ट सांगितली. फाट्याच्या वरच्या वळणावरून यांना धुक्यात बायांची चाहूल लागली होती आणि यांनी दोनदा हाक मारली होती, "बाईऽ, थांब." उत्तर आलं नाही. "पण हे तिले सांगू नोको," यांनी बजावलं. "तिनं आयकलं नसन. आन आयकलं असन तं तिचं तिले ठाऊक." मला फाट्यावर वाकलेल्या गिरजाबाई आठवल्या, मागं पाहत थांबलेल्या. मी तोंडाला कुलूप घातलं. माझ्यासारख्या बाईनं एवढी वर्षं तोंडाला कुलूप घालणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

पायामुळं यांना मोट हाकता येईना, म्हणून आम्ही अमरावतीला दुकान टाकलं. गिरजाबाई मळ्यातच राहिल्या, भाजीवाटेनं जात राहिल्या, ओळीत शेवटीच. पण आता फाट्यावरच्या त्याच दगडावर त्या बसायच्या. बाया खाली पोचून पाणी पिऊन घरी जायला निघत, तरी या बसलेल्याच. मग उभ्या राहून डोंगराकडे तोंड करून विचारायच्या, "हाय का कोणी मांगं?" पुन्हा विचारायच्या. ऊन असो, धुकं असो. मगच डहाळीला हात. बाया चिडवायच्या, "गिरजाबाई, भूत येते काय मांगून?" त्या म्हणायच्या, "आलं तं त्यालेबी वाट दाखोतो." घरीसुद्धा दिवेलागणीला दार लावण्याआधी उंबऱ्यात उभं राहून गल्लीत आवाज द्यायच्या, "हाय का कोणी?" आमची मुलं सुट्टीत गेली की मुद्दाम बाहेर लपून बसायची. भाऊबीजेला त्या अमरावतीला यायच्या, भावाला ओवाळायच्या, डब्यात अनरसे आणायच्या, पण हे चालायला लागले की दुसरीकडे पाहायच्या. आणि दोघं एकटे कधी बसले नाहीत. एक आला की दुसऱ्याला काही तरी काम निघायचं. मी मधे उभी राहून दोन्हीकडचं ओझं धरून होते.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी मळ्यात गेले तेव्हा त्या बाजेवर होत्या. अंगातलं सगळं मांस गेलं होतं, आवाज मात्र शाबूत. त्यांनी मला दार लोटायला सांगितलं. मग आढ्याकडे पाहत म्हणाल्या, "सरू, मले आवाज आला होता."

कुठला, ते मी विचारलं नाही.

"डहाळी उचलाले वाकली अन् आवाज आला. एक डाव. मले वाटलं गवळी म्हशीले हाकारते. नामाचा आवाज मी वळखला नाई! ज्याले या हातानं घास भरोला, त्याचा आवाज. थांबली असती, पुन्हा आयकला असता, तं वळखला असता. पण तू दगडावर बसून थरथरून राहिली होती. पोटात त्याचंच लेकरू. म्या म्हटलं, आंधी हिले खाली न्याव... मी थांबली नाई."

मी त्यांचा हात धरला. तो हात हलका लागला. "बाई, मले ठाऊक हाय," मी म्हणाले. "त्याईनं हाक मारली होती. त्याईनंच सांगतलं मले, त्याच आठवड्यात."

त्या उठून बसायला लागल्या. "नामाले ठाऊक हाय?"

"पयल्या दिवसापासून."

"अन् तरी दर भाऊबीजेले मले साडी-चोळी करते?" एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या वेळी रडल्या असतील, ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पोळा होऊ दे. वाट उघडली का त्याले घेऊन फाट्यावर ये. तठीच सांगतो त्याले. अठी बाजेवरून नाई सांगत." मी हो म्हणाले. मला खरंच वाटलं की त्या पोळ्यापर्यंत थांबतील. ज्या बाईनं सगळ्यांसाठी थांबायचं व्रतच घेतलं होतं, ती स्वतःसाठी एवढं थांबेल असं वाटलं. पण श्रावणातच गेल्या.

तेराव्यानंतर मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तिनं आयकलं असन हे मले ठाऊकच होतं. बाई का बहिरी होती? पण ती कोणापाई गेली खाली, हे कोणाले सांगाले पाह्यजे? माह्याच बायकोपाई ना?" आणि यांनाही रडू फुटलं, मोठ्यानं, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना. मी फळ्या लावून घेतल्या.

पोळा झाल्यावर बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं मोटरनं चिखलदऱ्याला गेलो. मोटर आता जाते, तरी थोड्या म्हाताऱ्या बाया अजून भाजीवाटेनंच उतरतात. त्यांच्याबरोबर आम्ही निघालो. यांच्या पायानं उतार झेपत नव्हता, म्हणून आपसूक आम्हीच शेवटी. धुकं होतंच. फाट्यावर आलो तेव्हा बाया पुढं गेल्या होत्या आणि डाव्या वाटेवर सागाची डहाळी आडवी टाकलेली होती. हे त्या दगडावर बसले, बाईंच्या जागी. मी डहाळी उचलायला वाकले. आता मागं कोणी नव्हतं, हे मला जगात कुणापेक्षाही नक्की ठाऊक होतं. पण हात पुढं होईना. "राहू दे," हे म्हणाले. म्हणून मीही त्यांच्याजवळ बसले. हे डोंगराकडे तोंड करून बसले होते. एकदा हळू आवाजात म्हणाले, "ओ." त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

मग म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. म्हशी घेऊन सुखा गवळी घराकडे निघाला होता. दाढी पांढरी झालेली, पण यांच्याकडे पाहताच त्यानं ओळखलं आणि कपाळाला हात लावला. गिरजाबाई गेल्याचं त्याच्या कानावर होतं. बाजारात कळलं होतं, तो म्हणाला. मग त्याच्या वाटेवर आडव्या पडलेल्या डहाळीकडे त्यानं पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणी मांगं हाय का?"

"हाय," हे म्हणाले. "माही बहीण हाय मांगं."

सुखा थोडा वेळ काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मग जिभेनं टक् टक् करून त्यानं पुढची म्हैस वळवली, बाकीच्या तिच्यामागं वळल्या, आणि डहाळीला खूर न लागू देता तो त्यांना वरच्या अंगानं, झाडीतून, घराकडे घेऊन गेला.